मलम स्वस्त, खाडा महाग: वाईत राहून सोरायसिस सांभाळायचा खर्च

सोरायसिस असलेल्या माणसाला महिन्याचा खर्च विचारा, तो मलमाच्या ट्यूबचा भाव सांगतो. फार तर रक्ततपासणीचा. घराला खरी ओढाताण करायला लावणारे पैसे त्याच्या हिशेबात नसतातच. साताऱ्याला जाण्यासाठी पडलेले खाडे, भर उन्हाळ्यात घालायला घेतलेले पूर्ण बाह्यांचे शर्ट, कुणीतरी खात्रीने सांगितलं म्हणून लांबून आणलेली पुडी, जमत आलेलं आणि मग मोडलेलं लग्न, हे सगळं कुठेच लिहिलं जात नाही. इथे दोन्ही खाती एकत्र मांडली आहेत. भाव खासगी दवाखान्यांतले आणि मेडिकलमधले, अंदाजाने दिलेले आहेत. थोडं इकडेतिकडे धरून चालावं.

आजाराबद्दल थोडक्यात. शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा चुकीचे इशारे देऊ लागते आणि कातडी वाजवीपेक्षा फार वेगाने तयार होते. एरवी महिनाभर चालणारं काम चार-पाच दिवसांत उरकतं. मग लाल चट्टे, त्यावर पांढऱ्या चंदेरी खपल्या. कोपर, गुडघे, कंबर, डोकं, नखं ही नेहमीची ठिकाणं. हा आजार शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने नाही, कृष्णेत शेजारी डुबकी मारल्याने नाही, एका अंथरुणात झोपल्यानेही नाही. तो कायमचा घालवणारं औषध अजून जगात कुठेच नाही. आटोक्यात ठेवणारी मात्र बरीच आहेत आणि त्यांतली काही अगदी स्वस्त आहेत. आजार दुसऱ्याला लागत नाही आणि कायमचा जात नाही, ही दोन वाक्यं घरातल्या प्रत्येकाला पटली तर पुढचा निम्मा खर्च वाचतो. कसा, ते खाली येईलच.

पहिला खर्च: नाव कळण्याचा

सुरुवातीला बहुतेकांचे पैसे चुकीच्या नावावर जातात. डोक्यातल्या खपल्यांना कोंडा म्हणतात, नखांतल्या खड्ड्यांना बुरशी, जांघेतल्या चट्ट्याला गजकर्ण. मेडिकलवाला एक ट्यूब काढून देतो, तिच्यात बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि तेज स्टेरॉइड असं सगळं कालवलेलं असतं. आठ दिवस गुण येतो, ट्यूब संपली की चट्टा पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत येतो. क्लोबेटासॉलसारखी स्टेरॉइड मलमं २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कायदा असा आहे. काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे.

त्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञाकडे एकदा जा. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी ३०० ते ६०० रुपये, पुण्यात ७०० ते १५०० रुपये फी पडते. अनुभवी डॉक्टर बहुतेक वेळा नुसतं बघून सांगतात. शंका असली तर बुरशीची खरवड तपासणी शंभर-तीनशेत होते, कातडीचा तुकडा काढून तपासायला दीड ते चार हजार लागतात. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. वाईतल्या सरकारी रुग्णालयात दाखवून तिथून साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयासाठी, म्हणजे सिव्हिलसाठी, चिठ्ठी घेता येते. सिव्हिल आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. कराडकडच्यांना कृष्णा रुग्णालय, सांगलीकडच्यांना मिरजेचं सिव्हिल, पुण्यात ससून. निघण्याआधी त्वचा विभागाचे वार विचारून घ्या. चुकीच्या वारी गेलात तर पहिला खाडा तिथेच पडला म्हणून समजा.

आणखी एक भीती असते, ती कुणी तोंडाने बोलत नाही: हे महारोगाचं तर नाही ना? विचारा. स्पष्ट विचारा. डॉक्टर चट्ट्यावर स्पर्शाची जाणीव आहे का ते तपासतात, दोन मिनिटांचं काम आहे. कुष्ठरोगाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत आणि तो आजार पूर्ण बरा होतो. भीती मनात ठेवून सहा महिने घरात वेगळं ताट-वाटी वापरणारी माणसं आहेत. त्यांना या दोन मिनिटांची गरज सगळ्यात जास्त.

दर महिन्याचं खातं

पहिली पायरी तेलपाण्याची. साधं पांढरं व्हॅसलीन, लिक्विड पॅराफिन किंवा घरचं खोबरेल, अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच. महिन्याला दीडशे-दोनशे. वाईची थंडी कोरडी असते, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवसातून दोनदा लागतं. महागड्या बाटलीतल्या क्रीमने वेगळं काही साधत नाही, वास तेवढा बरा येतो.

दुसरी पायरी मलमाची. स्टेरॉइडची ट्यूब ६० ते २०० रुपये, कॅल्सिपोट्रिऑल असलेली ४०० ते ९००, डोक्यासाठी डांबराचा म्हणजे कोल टारचा शाम्पू २५० ते ५००. ट्यूब किती दिवस आणि किती जागी लावायची ते लिहून घ्या. स्टेरॉइड मनाने वर्षानुवर्षं चोळलं तर कातडी पातळ होते.

तिसरी गोळ्यांची. मेथोट्रेक्सेट जुनं आणि स्वस्त औषध आहे, महिन्याची गोळी बहुधा दोनशे रुपयांच्या आत बसते. जनऔषधीच्या दुकानात आणखी कमी. पण ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजची समजून घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवा आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा. सोबत रक्त, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या लागतात, खासगी लॅबमध्ये एका वेळेला ८०० ते १५०० रुपये. सुरुवातीला लवकर लवकर, मग दोन-तीन महिन्यांनी. म्हणजे इथे औषधापेक्षा तपासणी महाग आहे, आणि पैसे वाचवायला लोक नेमकी तपासणीच टाळतात. टाळू नका, सिव्हिलमध्ये करून घ्या. दारू या गोळीबरोबर चालत नाही. दुसरी गोळी, ॲप्रेमिलास्ट, महिन्याला साधारण दीड ते अडीच हजारांत येते आणि तिला तपासण्या कमी लागतात.

मग इंजेक्शनं, ज्यांना बायोलॉजिक म्हणतात. बंगळुरूच्या बायोकॉनने २०१३ साली भारतात इटोलिझुमॅब आणलं, पुढे इतरही आली. गुण जोरदार, खर्च वर्षाला लाखांत. आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी सक्तीची, कारण आपल्याकडे दबलेला क्षय पुष्कळांच्या अंगात असतो. पाच-सहा इंजेक्शनांपुरते पैसे जमवून, घरातलं सोनं मोडून, हे सुरू करू नका. बंद केल्यावर काही महिन्यांत चट्टे परतण्याची शक्यता मोठी असते. दुसऱ्या वर्षाचे पैसे कुठून येणार, हा प्रश्न पहिल्या सुईच्या आधी विचारायचा.

आता प्रकाशोपचार, ज्याला लोक नुसतं 'लाईट' म्हणतात. अतिनील किरणांच्या एका ठरावीक पट्ट्याचा प्रकाश आठवड्यातून दोन-तीनदा अंगावर घ्यायचा, वीस-तीस बैठका. औषध पोटात जात नाही म्हणून अनेकांना हाच बरा वाटतो. खासगीत एका बैठकीचे ३०० ते ८०० रुपये. वाईच्या माणसाचा हिशेब करून पाहू. चोवीस बैठका, साताऱ्यात, ४०० रुपयांनी: ९,६००. वाई-सातारा साधारण ३५ किलोमीटर, एसटीचं जाऊन-येऊन तिकीट १३० धरलं तर ३,१२०. आणि एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराची दिवसाची हजेरी ५०० धरली तर चोवीस खाड्यांचे १२,०००. एकूण २४,७२०, आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा दवाखान्याचा नाही, बुडालेल्या मजुरीचा आहे. म्हणून लाईट सुरू करताना दर विचारायच्या आधी वेळ विचारा. सकाळी आठला किंवा संध्याकाळी सातनंतर बैठक मिळत असेल तर शंभर रुपये जास्त घेणारा दवाखानाही स्वस्त पडतो. बायकांना एसटीत मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट. वडापने, म्हणजे शेअर जीपने, गेलात तर यातलं काही मिळत नाही. डॉक्टरांना विचारून सकाळचं कोवळं ऊन घेणं हाही एक मार्ग आहे, अनेकांना त्याने फरक पडतो. मात्र दुपारच्या उन्हात भाजून घेतलं तर चट्टे वाढतात.

सांधे धरत असतील, सकाळी अर्धा तास बोटं वळत नसतील, एखादं बोट सबंध सुजत असेल, टाच दुखत असेल, तर थांबू नका. सोरायसिसच्या काही पेशंटांना संधिवात होतो आणि तो सांधा कायमचा वाकवू शकतो. मलमाच्या खर्चात केलेली काटकसर एक वेळ भरून काढता येते. वाकलेला सांधा सरळ होत नाही.

कामावर

कातडीला जिथे जखम, ओरखडा किंवा घासणं होतं तिथे आठ-पंधरा दिवसांत नवा चट्टा उठू शकतो. या एका गोष्टीमुळे आपल्या भागातली बरीच कामं अडचणीची होतात. उसाचं पाचट हात सोलून काढतं. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात तासन्‌तास गुडघ्यावर बसावं लागतं. हळद शिजवणं-पॉलिश करणं म्हणजे उष्णता आणि धूळ. उपाय महाग नाहीत: आतून सुती आणि वरून रबरी असे दोन हातमोजे, गुडघ्याला जाड फडकं, कामाला जाण्याआधी व्हॅसलीनचा हात. दोन-तीनशे रुपयांत हंगाम निघतो. साडी नेसणाऱ्यांच्या कमरेवर नाडीच्या रेषेत चट्टे उठतात; नाडीऐवजी रुंद पट्टा शिवून घ्यायला शिंपी वीस-तीस रुपये घेईल. हे डॉक्टर सहसा सांगत नाहीत, कारण तुम्ही त्यांना नाडीबद्दल सांगत नाही.

पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांत वाढपी, शाळांच्या वसतिगृहांत स्वयंपाकी, सलूनमधला कारागीर, दुकानात काउंटरवर उभी राहणारी मुलगी: यांचं दुखणं चट्ट्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या नजरेचं असतं. 'स्वदेस'सारख्या चित्रपटांमुळे मेणवली-वाईला शूटिंगची सवय झाली आहे. तिथे गर्दीत उभं राहून दोन पैसे मिळवणाऱ्यालाही हातावरचा चट्टा आडवा येतो. मालक काढून टाकत नाही, मागे आतल्या कामाला लावतो. टिप बंद होते. हा तोटा कुठल्याच बिलात दिसत नाही, पण महिन्याला तो औषधापेक्षा मोठा असू शकतो.

यावर सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे एक कागद. डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर, मराठीत, दोन ओळी लिहून घ्या: यांना सोरायसिस आहे, तो संसर्गजन्य नाही, अन्न हाताळण्यास किंवा सर्वांबरोबर राहण्यास हरकत नाही. फुकट किंवा शंभर रुपयांत होतं. मॅनेजर, वसतिगृहाचे अधीक्षक, पोहण्याच्या तलावावरचा माणूस, सगळ्यांना हाच कागद चालतो. लहान मुलांना घसा बिघडल्यावर कधीकधी अंगभर पावसाच्या थेंबांसारखे ठिपके उठतात, तोही सोरायसिसचाच एक प्रकार. अशा मुलाला वसतिगृहातून घरी धाडतात, तेव्हा तर हा कागद हवाच. साहेब हुज्जत घालणारे असतील तर एवढं सांगा की जागतिक आरोग्य सभेने २०१४ साली ठराव करून हा आजार संसर्गजन्य नसल्याचं नोंदवलं आहे. सांगणाऱ्याचा आवाज त्याने थोडा सरळ होतो.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला आणि ईएसआयची म्हणजे राज्य कामगार विम्याची वर्गणी कापली जाणारा कामगार असाल तर ठरवून दिलेल्या दवाखान्यात तुम्हाला आणि कुटुंबाला औषधं मिळतात. डॉक्टरांनी विश्रांती लिहिली तर सरासरी मजुरीच्या ७० टक्के भरपाई वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. कंत्राटदार वर्गणी कापतो आणि भरत नाही असंही घडतं, म्हणून आपला ईएसआय नंबर मोबाईलवर अधूनमधून तपासा. साखर कारखान्यासारखे हंगामी कारखाने यात येत नाहीत. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत सोरायसिस नाही. सांधे वाकून हालचालीला ४० टक्के अडथळा आला तर मात्र त्या कारणाने दाखला मिळू शकतो.

विम्याचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, दर महिन्याच्या मलम-गोळीला तिचा उपयोग नाही. खासगी पॉलिसी घेताना सोरायसिस लपवू नका. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याचा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. बायोलॉजिकसारख्या इंजेक्शनचा उपचार पॉलिसीत आधुनिक उपचारांच्या यादीत असतो, त्याला मर्यादा किती ते एजंटाला लेखी विचारा.

लपवण्याचा खर्च

कृष्णाबाईच्या उत्सवात घाटाघाटांवर पंगती बसतात, आणि काही माणसं दर वर्षी नेमकी त्या दिवशी आजारी पडतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काही बायका हात पुढे करायला नको म्हणून जात नाहीत. न्हाव्याकडे जाणं बंद होतं, घरीच मशीन आणतात. काळा शर्ट कपाटात पडून राहतो, कारण खांद्यावर खपल्या दिसतात. सकाळी घरातलं कुणी उठायच्या आत अंथरूण झटकायचं, हे काम वर्षानुवर्षं न चुकता करणारे लोक आहेत. पैशात याची किंमत फार नाही. पण लपवत राहिलेला माणूस डॉक्टरकडेही उशिरा जातो, आणि तिथे खर्च वाढतो.

न्हाव्याला कागद दाखवा, आपला वस्तरा-कंगवा घेऊन जा, कातडी ओरखडू नका म्हणून सांगा. बहुतेक कारागीर समजून घेतात. नाही घेतलं तर वाईत सलूनची टंचाई नाही.

लग्नाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: बघण्याच्या कार्यक्रमात नाही, पण होकार द्यायच्या आधी मुलाने-मुलीने एकमेकांना स्वतः सांगावं, मध्यस्थामार्फत नाही. सोरायसिस हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण नाही. कुष्ठरोग होता, तोही २०१९ साली काढला. महत्त्वाची गोष्ट फसवून लपवली असा आरोप मात्र नंतर होऊ शकतो, आणि कोर्टाच्या फेऱ्यांपुढे वर लिहिलेले सगळे आकडे किरकोळ आहेत. सांगताना आनुवंशिकतेचा प्रश्न येणारच. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण दहा-पंधरा टक्के, म्हणजे न होण्याची कितीतरी जास्त. लग्न ठरलं की डॉक्टरांना कळवा, कारण गोळ्या बदलाव्या लागतात. मेथोट्रेक्सेट मूल हवं असण्याच्या काही महिने आधी थांबवतात. ॲसिट्रेटिन नावाची गोळी घेतलेल्या बाईने ती बंद केल्यावरही तीन वर्षं गरोदर राहू नये. हळदीच्या दिवशी हळद लावू द्या, घासू देऊ नका. तेलात कालवून हलक्या हाताने लावली की कुणाच्या लक्षातही येत नाही. लग्नानंतरचं जवळिकीचं दुखणं, विशेषतः चट्टे नाजूक जागी असले तर, डॉक्टरांना सांगायला लोक लाजतात. त्या जागेचं मलम वेगळं आणि सौम्य असतं, हातावरचं तिथे लावू नका.

'मुळापासून' बरा करणारे

इथे एकरकमी पैसे सगळ्यात जास्त बुडतात. सहा महिन्यांचा कोर्स, पैसे आगाऊ, पुडीत काय ते सांगणार नाही, पक्कं बिल नाही. या चारांतल्या दोन खुणा दिसल्या तरी उठून या. अशा पुडीत कधी स्टेरॉइड असतं. गुण पटकन येतो, आणि पुडी थांबली की आजार असा उसळतो की अंगभर पुवाच्या पुटकुळ्या उठून दवाखान्यात भरती व्हावं लागतं. कोकणात उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात न्हायला जायचं असेल तर खुशाल जा, सहल म्हणून. चालू गोळ्या घरी ठेवून जाऊ नका. पथ्याचंही तेच. वांगं, दही, मासे सोडून अर्धपोटी राहणाऱ्यांना मी पाहिलं आहे. उपयोगाचं पथ्य म्हणजे वाढलेलं वजन उतरवणं, तंबाखू-सिगारेट आणि दारू सोडणं, आणि यांत पैसे जात नाहीत, उलट उरतात. दारू सुटत नसेल तर साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' व्यसनमुक्ती केंद्र आहे.

मनाचं खातं

खाजेने झोप जाते, झोप गेली की चिडचिड, चिडचिडीने चट्टे वाढतात. सोरायसिसबरोबर उदासी येणं हा दुबळेपणा नाही, आजाराचाच भाग आहे, आणि आजाराचा आयुष्यावर किती परिणाम होतोय ते डॉक्टर मोजूही शकतात. ब्रिटनमधल्या कार्डिफ इथे १९९४ साली दहा प्रश्नांची एक यादी तयार झाली: गेल्या आठवड्यात कातडीमुळे किती लाज वाटली, कपडे बदलावे लागले का, कामात, खेळात, नात्यात किती अडथळा आला. शून्य ते तीस गुण. दहाच्या वर गेलात तर आजार आयुष्यावर मोठा परिणाम करतोय असं धरतात, चट्टे थोडेच असले तरी, आणि फक्त मलमावर न थांबता पुढचा उपचार द्यायचा का याचा विचार होतो. म्हणून डॉक्टरांकडे 'खाज कमी आहे' एवढंच सांगून येऊ नका. 'तीन महिने पंगतीला गेलो नाही, रात्रीची झोप नाही' हेही केसपेपरवर लिहायला लावा.

समुपदेशकाची खासगी फी एका बैठकीला पाचशे ते दीड हजार पडते. त्याआधी १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर लावा. २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आणि मराठीत बोलतात. जीव नकोसा वाटत असेल तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी लावा. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडीही आहे. त्वचा विभागाचा आणि तिचा वार एकच निघाला तर दोन्हीकडे त्याच दिवशी दाखवा, दोन्ही कामं एका खाड्यात आणि एकाच तिकिटात होतात.